"शाळा कुठली?" सातवीनंतरच्या कॉर्पोरेशनच्या वर्गांचे अनुभव

पुण्यात लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस आधी आडनाव विचारतो, मग मूळ गाव, आणि तिसरा प्रश्न हमखास, "शाळा कुठली?" रमणबाग, नूमवि, भावे, हुजूरपागा असं काही उत्तर आलं की पुढची पंधरा मिनिटं मास्तरांच्या टोपणनावांत जातात. मी म्हणतो, "कॉर्पोरेशनची." समोरचा म्हणतो, "अच्छा. मठ्ठा घ्या ना."

त्यात त्याची चूक नाही. या गावात हायस्कूल म्हटलं की संस्थेचंच डोळ्यांपुढे येतं. १८६० साली पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन, १ जानेवारी १८८० ला चिपळूणकर-टिळकांचं न्यू इंग्लिश स्कूल, आणि तिथून पुढची सगळी परंपरा. महापालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. तिच्या शाळा म्हणजे नंबरच्या, आणि बहुतेक सातवीपर्यंतच्या. आजसुद्धा पालिकेत प्राथमिकचं खातं वेगळं आणि 'माध्यमिक व तांत्रिक' वेगळं. सातवीचा दाखला हातात पडला की पोरगं वाऱ्यावर. ही फट बुजवायला पालिकेची माध्यमिक विद्यालयं आली, एकेक तुकडी करत वाढली, आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

म्हणून हा धागा. आठवी ते दहावी सरकारी किंवा पालिकेच्या शाळेत शिकलात, शिकवलंत, घंटा दिलीत, काहीही असो, लिहा. शाळेचं नाव नका लिहू, भाग आणि साल पुरे. नाव आलं की भांडणं सुरू होतात.

गोखलेनगर, सातवी १९६३

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी सहावीत होतो. घर नदीकाठच्या पेठेत, शाळाही तिथंच. घर गेलं ते सगळ्यांचंच गेलं, त्याचं काय सांगायचं. शाळेचं सांगतो. पाणी ओसरल्यावर हेडमास्तरांनी कॅटलॉगची पानं सुटी करून सुतळीवर वाळत घातली होती, आमच्या आया कुरडया-पापडांवर लक्ष ठेवायच्या तशी. निम्म्या पानांची शाई उतरून गेलेली. मग एकेका पालकाला बोलावून जन्मतारीख विचारली. माझे वडील म्हणाले, "पावसाळ्याच्या तोंडावर झालाय." मास्तरांनी १ जून लिहिलं. आमच्या वर्गातल्या अकरा जणांचा वाढदिवस १ जून आहे. पेन्शनला सगळे एकाच दिवशी निघालो.

पुढे निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांत, दिवस काढले, मग इथं खोली मिळाली. सातवी झाली. आठवीला संस्थेच्या शाळेत गेलो तेव्हा वडिलांनी फी विचारली, ऐकली आणि मला म्हणाले, "एक वर्ष थांब." वर्षभर सायकलच्या दुकानात पंक्चर काढली. पुढच्या जूनला आठवीत बसलो तेव्हा हाताला सोल्युशनचा वास होता. बाकावर शेजारचा सरकून बसायचा.

लोकमान्यनगर, दहावी १९७५

१९७५ ची गंमत आता कुणाला पटत नाही. नवा आकृतिबंध आलेला, त्यामुळे त्या एकाच साली जुनी अकरावी मॅट्रिकही होती आणि नवी दहावीही. ताई अकरावीत, मी दहावीत. एका घरातून दोघी बोर्डाला! आजी देवापुढे एकच नारळ ठेवायची आणि म्हणायची, "दोघींत वाटून घे रे बाबा."

नारळ वाटता आला, पुस्तकं नाही. तोवर आमच्या घरात पुस्तकं वरून खाली यायची, फ्रॉक यायचे तशीच. ताईची गणिताची, शास्त्राची पुस्तकं मला काडीच्या उपयोगाची नव्हती, सगळं नवीन. आईनं माझ्यासाठी कोरी पुस्तकं घेतली ती आयुष्यात पहिल्यांदा आणि वर्षभर ते ऐकवलं. आमच्या बाईसुद्धा त्या गणिताला नव्याच होत्या. आदल्या रात्री घरी सोडवून यायच्या, तरी कधी कधी फळ्यापाशी अडायच्या. मग मागे वळून प्रामाणिकपणे सांगायच्या, "थांबा गं, मला परत बघू दे." तसं म्हणणारी शिक्षक मला पुढे कॉलेजातही भेटली नाही.

पर्वती पायथा, दहावी १९८६

मी टेक्निकलवाला. आठवीला विचारलं होतं, टेक्निकल घेणार का? 'म्हणजे काय' हे न विचारताच हात वर केला, कारण त्या तासांना वर्गाबाहेर जायला मिळायचं.

पहिलं काम म्हणजे लोखंडी पट्टीचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीनं कड सरळ करायची. सर गुण्या लावून तुकडा खिडकीसमोर धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली की तुकडा परत. माझा नऊ वेळा परत आला. दहाव्या वेळी सरांनी धरला, बघितला, काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता.

पिंपरीत अॅप्रेंटिसशिपच्या परीक्षेला तीच पट्टी दिली. बाकीचे मार्किंग करत होते तेव्हा माझं निम्मं काम उरकलं होतं. पस्तीस वर्षं नोकरी झाली. इंग्रजी अजून येत नाही, ड्रॉइंग वाचता येतं.

दांडेकर पुलाजवळ, शिपाई म्हणून २६ वर्षं

आमची घंटा म्हणजे आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा. इलेक्ट्रिकची बेल आली, दोन महिन्यांत बिघडली, परत रूळच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी वस्तीत घुसलं तेव्हा साडेअकराला किल्ल्या घेऊन मीच आलो. कुणाचा हुकूम यायची वाट बघितली नाही. बाकं रचून कोपऱ्यात लावली आणि माणसं आत घेतली. त्यात माझे जुने विद्यार्थी किती! एक जण म्हणाला, "मामा, याच खोलीत तुम्ही मला उशिरा आलो म्हणून बाहेर ठेवला होता." म्हटलं, आज आत बस.

बिबवेवाडी परिसर, शिक्षिका, आता निवृत्त

शाळा 'वाढते' म्हणजे नेमकं काय होतं ते मी आतून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर.

आमचं माध्यमिक सुरू झालं ते आठवीच्या एका तुकडीवर. इमारत प्राथमिकची. सकाळी त्यांची शाळा, साडेबाराला ती सुटली की आमची. बाकं पहिली-दुसरीच्या मापाची. चौदा वर्षांची उंच मुलं गुडघे बाहेर काढून, तिरकी बसायची. भिंतीवर 'क कमळाचा'. त्याच्याखाली मी बीजगणित शिकवायचे. पुढच्या वर्षी तीच मुलं नववीत गेली, म्हणून नववी सुरू झाली. त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. म्हणजे शाळा त्या पहिल्या तुकडीच्या पाठोपाठ वर चढत गेली. त्या मुलांनी एक वर्ष दम खाल्ला असता तर शाळाही तिथंच थांबली असती, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. स्टाफरूम म्हणजे जिन्याखालची जागा.

पहिल्या दहावीला सत्तावीस मुलं बसली, एकोणीस पास झाली. आम्ही पेढे वाटले. शेजारच्या संस्थेच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "आठ नापास झाले ना?" त्यांना काय सांगणार?

मग २०११. ऑक्टोबरच्या ३ ते ५ तारखांना राज्यभर पटपडताळणी झाली. खोटे पट शोधायचे होते, आणि ते होते, नाही कशाला म्हणू. पण आमच्यासारख्यांची वेगळीच पंचाईत. नववीचा पट अठ्ठावन्न, रोजची हजेरी चव्वेचाळीस. उरलेली चौदा मुलं खरीच होती, फक्त कामाला जात होती. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, पटावर ठरते. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. पहाटे सहाला मिस्टरांच्या स्कूटरवर बसून वस्तीत गेले. एक जण केटररकडे भांडी घासून नुकताच येऊन झोपला होता, त्याला उठवला. एक मार्केट यार्डात, त्याला आणायला त्याच्या आईला पाठवलं. एक मुलगी धाकट्या भावाला सांभाळायला घरी असायची. म्हटलं, त्यालाही घेऊन ये.

ती भावाला कडेवर घेऊन आली. मोजलेल्या मुलांच्या बोटाला शाई लावत होते, मतदानाला लावतात तशी. हिला लावली. भावानं आपलंही बोट पुढे केलं. अधिकारी हसले आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यानं असं भोकाड पसरलं की शेवटी त्याच्याही बोटाला टिपका लावावा लागला.

त्या दिवशी अठ्ठावन्नपैकी पंचावन्न हजर होती. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा चव्वेचाळीस.

येरवडा, दहावी २०१५

शालेय पोषण आहार आठवीपर्यंत असतो. हे मला नववीच्या पहिल्या दिवशी कळलं. मधली सुट्टी झाली, सवयीनं डबा घेऊन रांगेत उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "तू नववीत गेलीस ना गं?" मागे पन्नास पोरी. मी डबा ओढणीत लपवला आणि नळावर जाऊन पाणी प्यायले.

शाळा तीच, भूक तीच, मावशीसुद्धा त्याच. वर्ग फक्त एका जिन्यानं वर गेला होता. खिचडीचा वास मात्र जिना चढून यायचा. बहीण सहावीत होती. ती जास्तीची घेऊन डबा जिन्याच्या कठड्यावर ठेवायची. मावशींना दिसायचं. एके दिवशी त्यांनी तिला मोठा डबा आणायला सांगितलं, बस.

हडपसर बाजू, माजी विद्यार्थी

सगळे गोड गोड लिहिताय म्हणून. आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दोन वर्षं कडी नव्हती. एक मैत्रीण दाराला पाठ लावून उभी राहायची. विज्ञानाला सर नाहीत म्हणून पी.टी.चे सर धडा वाचून दाखवायचे. तेव्हा आठवीपर्यंत नापास करत नव्हते, म्हणून सगळ्यांना वर ढकलत आणलं आणि नववीत एकदम आपटलं. आमच्या वर्गातली तेरा मुलं नववीत गळाली. त्यातल्या दोघांनी नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून बसून, दहावी काढली. बाकीचे रिक्षावर, टेम्पोवर दिसतात. भेटले की छान बोलतात, शाळेचा विषय काढत नाहीत. तुमच्या आंब्याच्या घंटेबद्दल आदर आहे, पण कडी महत्त्वाची.

(धागा काढणारा) मान्य. हेही इथंच राहू दे.

जनता वसाहत, दहावी २०२०

आमचा भूगोलाचा पेपर २३ मार्चला होता. आधी पुढे ढकलला, मग रद्दच झाला आणि बाकीच्या पेपरांच्या सरासरीनं मार्क दिले. पूर्ण दहावीत मला एकच विषय यायचा, तो भूगोल. ब्राझीलचा नकाशा मी अजूनही डोळे मिटून काढतो. सरांना फोन केला तर म्हणाले, "घरी ये, मी तपासतो." लॉकडाऊन होता. जमलं नाही.

धनकवडी, पालक

मी स्वतः सातवी. घरकामं करते, हे भाची लिहून देतेय. मोठ्या मुलीला पालिकेच्या शाळेतून दहावीला ७८ टक्के पडले. पालिकेची शिष्यवृत्ती असते, पालिकेच्या शाळेतल्या मुलांना सत्तरच्या वर लागतात, ते तिच्या बाईंनीच सांगितलं आणि फॉर्मही बसून भरून घेतला. १५ हजार आले. त्यात अकरावीची फी, क्लास आणि एक सायकल झाली.

आता धाकटा आठवीत आहे. त्याची शाळा आठवीलाच संपते. कुणी म्हणतं पुढच्या वर्षी नववीची तुकडी निघणार, कुणी म्हणतं नाही. कुणाला विचारायचं? वाट बघितली आणि निघाली नाही तर बाकीकडे जागा भरलेल्या असतात.

(बिबवेवाडीच्या बाई) ताई, वाट बघू नका. निकालाच्या दिवशीच दाखल्याचा अर्ज द्या, पण दाखला लगेच काढू नका. निघाला की नाव पटावरून कमी होतं. आधी जवळच्या पालिकेच्या माध्यमिक विद्यालयात जाऊन हेडबाईंना भेटा, जागा आहे असं त्यांच्या तोंडून ऐका, मगच दाखला. आधार, आठवीचं प्रगतिपुस्तक आणि दोन फोटो न्या. जातीचा दाखला असेल तर त्याची झेरॉक्सही. सकाळी अकराच्या आत जा, नंतर त्या मीटिंगला जातात. आणि मुलाला सोबत न्या. समोर उभं असलेल्या पोराला नाही म्हणणं कुणालाच सोपं जात नाही, मी सांगते.