शब्द हवा आहे: गाण्यातला 'प्रोड्यूसर' आणि त्याच्याकडे जाणाऱ्या गायिका

तिरफळ

दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. विषय पाश्चात्य पॉपमधला. नाव झालेले, वय झालेले गायक-गायिका सध्या गाजणाऱ्या एखाद्या प्रोड्यूसरला धरतात आणि पुन्हा बाजारात उतरतात. शेर, मॅडोना, एल्टन जॉन, रोलिंग स्टोन्स. लेख झालाय, पण एक वाक्य चार दिवस घशात अडकलंय:

"ज्येष्ठ पॉप गायिका प्रासंगिक राहण्यासाठी आघाडीच्या निर्मात्यांसोबत काम करतात."

व्याकरण ठीक आहे, तरी वाचताना दाताखाली खडा येतो. मी 'प्रोड्यूसर' लिहिलं होतं, संपादकांनी 'निर्माता' केलं. पहिल्या वाचकाने (म्हणजे माझ्या आईने) विचारलं, "म्हणजे पैसे याने घातले का?" तर 'ज्येष्ठ', 'प्रासंगिक' आणि 'निर्माता', तिन्हींच्या जागी काहीतरी सुचवा.

शुद्धमती

'प्रासंगिक' आधी काढा. तो अर्थ हिंदी बातम्यांतून आलाय. मराठीत प्रासंगिक म्हणजे प्रसंगापुरतं. वऱ्हाडाच्या एसटीवर 'प्रासंगिक करार' अशी पाटी असते ना, तो. तुमचं वाक्य वाचून मॅडोना मला त्या गाडीत खिडकीशी बसलेली दिसली. मुद्द्याला सोडून असेल ते 'अप्रस्तुत', हे बरोबर. पण गायिका 'प्रस्तुत राहते' असं कुणी म्हणत नाही. 'कालसुसंगत' कागदावर शोभतो, बोलताना जीभ अडखळते.

'ज्येष्ठ'बरोबर शाल-श्रीफळ आपोआप येतं. विल्यम ऑर्बिट या प्रोड्यूसरबरोबर केलेला मॅडोनाचा अल्बम १९९८ च्या सुरुवातीला आला, तेव्हा ती एकोणचाळीसची होती. आपल्याकडे त्या वयात 'उदयोन्मुख' म्हणून पुरस्कार मिळतात.

पडघम

ज्येष्ठऐवजी 'मुरलेली'. लोणच्यासारखी. 'जुनीजाणती'ही चालेल, पण त्याला गावच्या सुईणीचा वास आहे.

जुनी पेटी

'निर्माता' का चुकतो ते सांगतो. मी काही वर्षं रेकॉर्डिंगला व्हायोलिनच्या मागच्या रांगेत बसलेला माणूस आहे. आपल्या सिनेसंगीतात निर्माता म्हणजे पैसेवाला, हे तुमच्या आईंचं अगदी बरोबर. पाश्चात्य पॉपमधला प्रोड्यूसर जे करतो ते आमच्याकडे तीन-चार माणसांत वाटलेलं असायचं. चाल संगीतकाराची. ती कुठल्या वाद्यावर जाईल, मधल्या जागेत काय वाजेल, व्हायोलिननं कुठे शिरायचं, हे अरेंजर लिहून काढायचा. शंकर-जयकिशनकडे हे काम गोव्याच्या सेबॅस्टियन डिसोझांनी केलं. मराठीत अनिल मोहिल्यांचं नाव घ्यायलाच हवं. आवाज कसा 'घ्यायचा' ते रेकॉर्डिस्ट बघायचा. या सगळ्यांची एक मोळी बांधा, वर 'हे गाणं घ्यायचं की टाकायचं' हा अधिकार ठेवा, की तिकडचा प्रोड्यूसर झाला.

मराठी श्रेयनामावलीत 'संगीत संयोजन' असतं, ते अरेंजरसाठी. पण नुसतं 'संयोजक' लिहिलंत तर वाचकाला मंडप, सतरंज्या आणि आभारप्रदर्शन दिसेल.

पडघम

'नादशिल्पी' कसा वाटतो?

शुद्धमती

रिक्षाच्या मागे लिहायला उत्तम.

तिरफळ

पेटीकाका, मोळी पटली. पण शेरच्या बाबतीत ती पुरते का? मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग या दोघा प्रोड्यूसरांनी १९९८ मध्ये तिचं 'बिलीव्ह' हे गाणं लंडनमध्ये केलं. ध्रुवपद आधीपासून चांगलं होतं, कडवी मात्र बसत नव्हती, म्हणून ती पुन्हा पुन्हा लिहिली गेली. गीतकार म्हणून सहा जणांची नावं लागली. वर ऑटो-ट्यून. यातलं अरेंजरचं काम कुठलं म्हणायचं?

जुनी पेटी

ऑटो-ट्यूनचं नीट सांगायला हवं, कारण खरा प्रोड्यूसर तिथे दिसतो. हे सॉफ्टवेअर १९९७ चं. करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीखालून येणाऱ्या लहरींचं गणित करत होते. गायकाचा सूर थोडा हलला की हे त्याला जवळच्या नेमक्या सुरावर नेऊन ठेवतं. किती सावकाश न्यायचं, त्याला एक आकडा असतो. सावकाश नेलं तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही, आणि ते त्याचसाठी केलेलं होतं. टेलरनी तो आकडा शून्यावर आणला. मग सूर सरकायचा थांबतो आणि उडी मारतो. आपल्या भाषेत, मींड मरते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरगुंडीने जाणारा गळा जिन्याच्या पायऱ्या चढल्यासारखा जातो.

लपवायचं अवजार त्यांनी चारचौघांत वाजवलं. १९९९ मध्ये एका ध्वनितंत्राच्या मासिकाने विचारलं, हे केलंत कसं, तर भलत्याच यंत्राचं नाव सांगून मोकळे झाले. हॉटेलवाला मसाल्यात काय घालतो ते सांगतो का! रेकॉर्ड कंपनीला तो परिणाम काढून टाकायचा होता. शेरने ठाम नकार दिला. ती तेव्हा बावन्न वर्षांची, ऑस्कर घरात असलेली. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ती याआधी पहिली आली होती १९७४ मध्ये. या गाण्याने पुन्हा आली थेट १९९९ मध्ये.

पडघम

शेरास सव्वाशेर.

(माफ करा, पहिल्या पोस्टपासून दाबून धरलं होतं.)

नाणेघाट

उशिरा येतोय. 'रेलेव्हंट राहणं' यासाठी शब्द तुमच्या हाताशीच आहे. आपण एखाद्या नटाबद्दल म्हणतो, 'सध्याचं चलनी नाणं आहे.' तिथूनच घ्या: गायिकेला *चलनात राहायचं* आहे.

यात एक फायदा आहे. मराठीत नाणं खणखणीत असणं वेगळं आणि चलनी असणं वेगळं. खणखणीत म्हणजे धातू अस्सल, वाजवून बघा. चलनी म्हणजे दुकानदार घेतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री हजाराच्या नोटेचा कागद बदलला नव्हता, शाई बदलली नव्हती. सकाळी दूधवाल्याने घेतली नाही, एवढंच. शेरचा गळा १९९० च्या दशकात खणखणीतच होता. चलनी नव्हता. टेलर-रॉलिंगनी सोनं तेच ठेवलं आणि नाणं नव्या ठशाने पाडलं. नाणी 'पाडतात' हे क्रियापद इथे चपखल बसतं.

म्हणून वर्तमानपत्रं अशा वेळी जे ठोकून देतात, 'तिने कात टाकली', ते मला पटत नाही. कात साप स्वतः टाकतो. इथे दुसऱ्याचा हात आहे.

शुद्धमती

नाण्याचं मान्य. कातीवर थोडं भांडते. मॅडोनाची कात तिचीच. ऑर्बिटबरोबरच्या त्या अल्बमवर सहनिर्माती (आलाच तो शब्द) म्हणून तिचंही नाव आहे. २००० मध्ये तिने पॅरिसच्या मिरवैसला घेतलं, २००५ मध्ये स्टुअर्ट प्राइसला. प्राइस आधी तिच्या दौऱ्यांत वाद्यवृंद सांभाळायचा. तो अल्बम बराचसा त्याच्या लंडनमधल्या घरीच रेकॉर्ड झाला. ही माणसं तिने धरली तेव्हा सामान्य श्रोत्याला त्यांची नावं ठाऊक नव्हती. २००८ मध्ये मात्र ती टिंबालँड आणि फॅरेल यांच्याकडे गेली, तेव्हा निम्मा रेडिओ त्यांचाच होता. मला तो अल्बम दुसऱ्याच्या घरी पाहुणी जाऊन गायल्यासारखा वाटतो. तेव्हा 'सध्या चलती असलेला' हे विशेषण सगळ्यांना सरसकट लावू नका. चलती यायच्या आधी माणूस हेरणं आणि चलती बघून दारात रांग लावणं, दोन्हींना एकच शब्द दिलात तर मॅडोनावर अन्याय होईल.

नाणेघाट

ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचं याहून उलटं. १९८३ मध्ये त्याने प्रोड्यूसर म्हणून नाइल रॉजर्सला घेतलं. डिस्कोविरुद्ध ओरड झाल्यापासून रॉजर्सच्याच डिस्को बँडच्या रेकॉर्ड खपत नव्हत्या. चलनातून गेलेल्या माणसाकडून बोवीने स्वतःचा सर्वांत जास्त खपलेला अल्बम करून घेतला.

जुनी पेटी

'करून घेतला'! तिरफळताई, शब्द इथे आहे. नाम शोधत बसू नका. आमच्या धंद्यात म्हणायचे, अमक्याने तमक्याकडून काय *गाऊन घेतलंय*. आशाताईंचं बघा. १९९५ मध्ये त्यांनी साठी ओलांडलेली, ए. आर. रहमान तिशीच्या आतले, आणि 'रंगीला'ची गाणी. दोन वर्षांनी लेस्ली लुईसबरोबर इंडीपॉपचा अल्बम. आम्ही काय म्हणालो? रहमानने आशाताईंकडून काय गाऊन घेतलंय! यात मान त्यांचा राहतो आणि हातही त्याचा दिसतो. आता 'प्रोड्यूसर'ऐवजी 'गाऊन घेणारा' असं छापता येणार नाही, हे मलाही कळतं.

पडघम

मग 'बसवणारा'? गॅदरिंगला आपण नाच बसवतो, भजनी मंडळात गाणं बसवतो, नाटक तर बसवतातच. तिरफळ यांनी वर स्वतःच लिहिलंय, 'कडवी बसत नव्हती'. ती ज्याने बसवली तो प्रोड्यूसर.

नाणेघाट

छान. रोलिंग स्टोन्सना लागू होतं. २०२३ चा अल्बम अँड्र्यू वॉटने बसवला. वॉट १९९० सालचा, त्यांचा गायक मिक जॅगर १९४३ चा. नव्या स्वतःच्या गाण्यांचा त्यांचा आधीचा अल्बम २००५ चा, म्हणजे मधली अठरा वर्षं काही बसतच नव्हतं.

एल्टन जॉनच्या २०२१ च्या गाण्याला मात्र 'बसवलं' म्हणता येणार नाही. प्नाउ या ऑस्ट्रेलियन मंडळींनी त्याच्याच चार जुन्या गाण्यांचे तुकडे जोडले, बरोबर दुआ लिपाचा आवाज. चौऱ्याहत्तराव्या वर्षी तो ब्रिटनच्या यादीत पहिला आला. याला आपल्याकडे गोधडी म्हणतात. कापड जुन्या लुगड्यांचं, टाके नवे, आणि ऊब नव्या रजईपेक्षा जास्त.

तिरफळ

सगळ्यांचे आभार. 'गोधडी' उपशीर्षकात ढापतेय. 'प्रोड्यूसर' तसाच ठेवते, क्रियापदाने सांभाळून घेते. वाक्य आता असं:

"मुरलेल्या पॉप गायिका चलनात राहायला चलती असलेल्या प्रोड्यूसरकडून गाणी बसवून घेतात."

शुद्धमती

चलनात, चलती. 'चल चल' ऐकू येतं. दुसरीकडे 'सध्या जोरात असलेल्या' करा. माझी तक्रार तशीच राहते, पण एका वाक्यात सगळी मॅडोना मावत नाही.

तिरफळ

केलं. संपादकांनीही मान्य केलं, फक्त 'मुरलेल्या'चं पुन्हा 'ज्येष्ठ' झालंय. आईला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, "वाक्य छान आहे गं. पण पैसे कोणी घातले ते शेवटपर्यंत कळलं नाही."