ऑक्सिजन ९९ टक्के, तरीही दम पुरत नाही, असे का होते?

ऐरोलीकर पालक:
माझी मुलगी यंदा बारावीला आहे. सराव परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती खिडकी उघडून उभी राहते, गळ्याजवळचे बटण सोडते, वारंवार जांभया देते आणि श्वास पुरत नाही म्हणते. बोटांना मुंग्याही येतात. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, ऑक्सिजन ९९ टक्के आला, दमा नसून हा ताणाचा परिणाम आहे असे सांगितले. अशा वेळी आम्ही तिला ‘मोठा श्वास घे’ म्हणतो, ते योग्य आहे का?

फिजिओथेरपिस्ट, पाचपाखाडी:
तिचा त्रास खरा आहे, मात्र कमी पडतो तो ऑक्सिजन नव्हे, कार्बन डायऑक्साइड. प्रौढ व्यक्ती विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेते. भीतीने अॅड्रेनॅलिन स्रवले की शरीर धावपळीसाठी सज्ज होते, श्वासाचा वेग वाढतो आणि मानेचे व छातीचे स्नायू तो वरच्या वर ओढू लागतात; पण खुर्चीत बसलेल्या मुलीच्या शरीरात तेवढा कार्बन डायऑक्साइड तयारच होत नसल्याने तो गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. त्यामुळे रक्तातील मुक्त कॅल्शियम घटून मुंग्या येतात, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून गरगरते, आणि या लक्षणांनीच भीती आणखी वाढते. म्हणून ‘मोठा श्वास घे’ या सल्ल्याने त्रास वाढू शकतो. श्वास सावकाश सोडायला सांगा. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावण्याचा जुना उपाय कृपया करू नका, दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांना तो घातक ठरू शकतो.

योगशिक्षिका, वाशी:
प्राणायामातही पूरकापेक्षा (श्वास आत घेण्यापेक्षा) रेचक (श्वास सोडणे) लांबवण्यावर भर असतो. एक हात पोटावर ठेवून, खांदे न उचलता, ४ अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि ६ ते ८ अंकांत सोडावा. श्वास अशा प्रकारे मिनिटाला सहाच्या आसपास आला की हृदयाची गतीही स्थिरावू लागते. सराव मात्र रोज, मन निवांत असताना व्हायला हवा. परीक्षा केंद्राच्या दारात पहिल्यांदाच करून फारसे साधत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका तिला सध्या देऊ नयेत, कारण त्यांत श्वास मुद्दाम वेगाने चालवला जातो.

घोडबंदर रोडवरील वाचक:
एक भर घालतो. तीव्र भावनांनी दम्याचा झटकाही येऊ शकतो, त्यामुळे छातीतून शिट्टीसारखा आवाज आला, ओठ निळसर दिसले किंवा छातीत दुखू लागले, तर ताण समजून थांबू नका, लगेच रुग्णालयात न्या.