कुत्र्याच्या अंगावरच्या गांधी आणि चिकन बंद करण्याबद्दल

एकाने आपल्या लॅब्राडॉर कुत्र्याला दर महिन्याला गांधी (अ‍ॅलर्जीने अंगावर उठणारे फुगवटे) उठतात म्हणून चिकन बंद केल्याचं लिहिलंय. थोडं थांबा, आधी त्या गांधीच आहेत का ते पाहा. फुगवट्याचा फोटो काढून दुसऱ्या दिवशी तीच जागा बघा. गांधी सहसा चोवीस तासांत विरते, नाहीतर जागा बदलते. तिथेच राहून केस झडले, खपली धरली तर तो बहुधा जिवाणूसंसर्ग असतो. अशा संसर्गात आखूड केसांच्या कुत्र्यांत केसांचे झुबके उभे राहून हुबेहूब गांधीसारखे दिसतात.

खाण्याची चाचणी करायचीच तर किमान आठ आठवडे एकच नवीन प्रथिन द्या, मग जुनं खाणं परत सुरू करून खाज येते का पाहा. या चाचणीत बरेचदा घोळ होतो तो चिकनच्या स्वादाच्या जंताच्या गोळीमुळे. (आणि आजीने गुपचूप दिलेल्या बिस्किटामुळे!) पिसवांचं औषध या काळात चालूच ठेवा, पण बिनस्वादाचं, मानेवर सोडायचं.

सेटिरिझिन (अ‍ॅलर्जीची गोळी) प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारून, नुसतंच द्या. सर्दीच्या गोळीत पॅरासिटामॉल वगैरे मिसळलेलं असतं, ते घातक. तोंड सुजलं आणि उलटी किंवा धाप लागली तर गोळीची वाट न पाहता तडक दवाखाना.