शब्दचर्चा: पुरावा, आधार, दाखला, प्रमाण – कवितेवर लिहिताना कोणता शब्द?

धागाकर्ती (माध्यमिक शाळेत मराठी शिकवते)

नमस्कार मंडळी. नववी-दहावीला कविता शिकवताना मला एक शब्द अडतोय.

रसग्रहण लिहिताना मुलं विधान करतात आणि पुढे निघून जातात. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' या अभंगावर हमखास येणारं वाक्य म्हणजे 'या अभंगातून संत तुकारामांनी पर्यावरण रक्षणाचा संदेश दिला आहे.' मी समासात 'पुरावा?' असं लिहिते. वही परत येते तेव्हा त्याखाली अभंगाची पहिली ओळ उतरवलेली असते. ओळ आली, पण तिच्यातून काय दिसतं याबद्दल अवाक्षर नाही.

'पुरावा' म्हटलं की मुलांच्या डोळ्यांपुढे पोलीस आणि कोर्ट उभं राहतं. 'आधार' म्हटलं की कार्ड. 'दाखला' म्हणजे उत्पन्नाचा, नाहीतर शाळा सोडल्याचा. 'संदर्भ' हा शब्द 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या'ने इतका रुळवलाय की मुलं लगेच 'प्रस्तुत ओळी अमुक कवींच्या तमुक कवितेतील असून' असं सुरू करतात. आणि 'अवतरण' हे फक्त उतरवून घेण्याचं नाव झालं.

तुम्ही वर्गात काय म्हणता?

प्रतिसाद १ (वकिली करतो)

'पुरावा' इतक्या लवकर सोडू नका, ताई. कोर्टाच्या कामात त्याचा अर्थ तुम्हाला हवा तसाच आहे. कागद दाखल झाला, त्याला निशाणी क्रमांक मिळाला, म्हणजे बाजू शाबीत झाली असं कुणी मानत नाही. त्या कागदातल्या कोणत्या वाक्याने काय शाबीत होतं, हे युक्तिवादात मांडावं लागतं. तुमची मुलं कागद दाखल करून घरी जातात, एवढंच. युक्तिवाद बाकी राहतो.

प्रतिसाद २

वारकरी कीर्तनात याला रोजच्या वापरातला शब्द आहे: प्रमाण. कीर्तनकार सेवेला एक अभंग घेतात, त्याचं एकेक चरण उलगडतात, एखादा सिद्धान्त मांडतात आणि लगेच ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा गाथ्यातला दुसरा अभंग प्रमाण म्हणून देतात. मागे उभे असलेले गायक ते प्रमाण उचलून चालीवर म्हणतात. श्रोत्यांनाही प्रमाण पाठ असतं, त्यामुळे चुकीचं दिलं तर तिथल्या तिथे कळतं. लिखाणाला वचनाची जोड हवी ही सवय मराठी माणसाला काही बाहेरून शिकावी लागलेली नाही.

तरीही तुमच्या कामाला हा शब्द अर्धाच उपयोगी, असं मला वाटतं. न्यायशास्त्रात (कायद्याचं नव्हे, जुन्या भारतीय तर्कशास्त्रात) प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळण्याचे मार्ग, चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. कीर्तनातलं प्रमाण हे शब्दप्रमाण. संतांनी म्हटलं म्हणून ते मानायचं. मूल गाईडमधलं वाक्य उतरवतं तेव्हा तेही कुणाच्या तरी शब्दावर विसंबलेलं असतं. तुम्हाला त्याच्याकडून अनुमान हवंय: डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून तिथे आग आहे हे कळतं.

अवांतर: जुन्या टीकाकारांची एक पद्धत वर्गात फार उपयोगी पडते. श्लोकावर भाष्य करताना ते आधी मूळातला नेमका शब्द उचलून लिहितात आणि मग त्याचा अर्थ सांगतात. त्या उचललेल्या शब्दाला 'प्रतीक' म्हणतात. अख्खा श्लोक पुन्हा लिहीत बसत नाहीत.

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षक)

वरच्या प्रतिसादाच्या शेवटी जो शब्द सहज येऊन गेला, तोच माझं उत्तर आहे. 'त्यावरून'.

ताई, नाम शोधू नका. समासात 'पुरावा?' ऐवजी 'कशावरून?' लिहा. हा प्रश्न मूल घरीही ऐकतं, भांडणातही विचारतं. 'पेन मीच घेतलं कशावरून?' म्हणजे त्याचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. आणि या प्रश्नाला मराठीत उत्तर एकाच घडणीचं येतं: '… यावरून …'. हे वाक्य लिहायचं तर अलीकडे कवितेतला शब्द ठेवावा लागतो आणि पलीकडे आपलं म्हणणं. नुसती ओळ उतरवून वाक्य पुरंच होत नाही.

तुमचाच अभंग घेऊ. पर्यावरण रक्षणाचा संदेश, कशावरून? वृक्ष, वेली, वनचरं, पक्षी हे सगळे पहिल्या चरणात येऊन जातात. पुढे काय आहे?

येणें सुखें रुचे एकांताचा वास । नाही गुण दोष अंगा येत ॥

मग आकाशाचा मंडप, पृथ्वीचं आसन. मग कंथा आणि कमंडलू, वेळ सांगणारा वारा. मग हरिकथेचं भोजन. आणि शेवट:

तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी ॥

आता क्रियापदं तेवढी बाजूला काढायला सांगा. रुचे, रमे, क्रीडा करी, सेवूं. झाडं लावा, जपा, तोडू नका असं सांगणारं एकही क्रियापद अभंगात नाही. जी आहेत ती एका माणसाच्या सुखाची आहेत. यावरून हा अभंग रानातल्या एकांताने मनाला काय मिळतं ते सांगतो, असं म्हणता येतं. वृक्षलागवडीच्या फलकांवर पहिलीच ओळ रंगवलेली असते आणि मुलांना अभंग आधी तिथेच भेटतो. फलकाचा हेतू चांगला आहे, पण फलक म्हणजे अभंग नव्हे.

मूल 'तुकोबांनी निसर्गाशी नातं जोडलं' असं म्हणालं तर मात्र त्याला पूर्ण गुण द्या, फक्त 'सोयरीं'वर बोट ठेवायला लावा. आपण सगे आणि सोयरे वेगळे मोजतो. सगे जन्माने मिळतात, सोयरिक जुळवावी लागते. एका शब्दावर एवढं उभं राहतं.

तसाच 'वाद'. मुलं त्याचा अर्थ भांडण असा घेतात आणि 'तुकारामांच्या मनात द्वंद्व चालू आहे' असं लिहितात. इथे वाद म्हणजे बोलणं. कशावरून? आधीच्याच चरणात 'संवाद' आहे, आणि त्याच्याही आधी सुख आहे, रमणं आहे. कोश उघडण्याआधी शेजारचा शब्द बघायची सवय लागली पाहिजे.

धागाकर्ती

सर, 'कशावरून' पटलं. उद्यापासून तेच. पण एक अडचण आहे. बालकवींच्या 'औदुंबर'वर वर्गात दोन तट पडतात. काहींना ती शांत वाटते, काहींना उदास. उदास म्हणणाऱ्यांना 'कशावरून' विचारलं तर उत्तर येतं, 'कारण बालकवी फार लवकर गेले.' शांत म्हणणाऱ्यांचं उत्तर, 'ज्याला जशी भावेल तशी.' या दोघांना काय सांगू?

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षक)

पहिल्याला 'कारण' आणि 'यावरून' यांतला फरक सांगा. 'कारण' म्हटलं की आपण कवीच्या आयुष्यात शिरतो. बालकवी १८९० साली जन्मले आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात गेले. हे खरं आहे, वाचताना चटका लावतं. पण कविता लिहिली तेव्हा तो अपघात घडायचा होता, तो कवितेत कुठून येणार? जुनी परिभाषा वापरायची तर आग हा धुराचा कारक हेतू आणि धूर हा आगीचा ज्ञापक हेतू. रसग्रहणात आपल्याला ज्ञापक हवा, म्हणजे ज्याच्यामुळे आपल्याला कळलं ते. ते पानावरच असतं.

दुसऱ्याला कवितेसमोर बसवा. आठच ओळी आहेत.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

मुलांना फक्त रंग खुणावायला सांगा. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, हिरव्या, काळ्या, काळिमा. सुरुवातीला हिरवा, शेवटाकडे काळा, आणि ज्या ओळीत औदुंबर येतो तिथे रंगच नाही. वाटही बघा. गावाजवळच्या शेतमळ्यांतून ती निघते आणि डोहाकडे जाते, उलटी येत नाही. यावरून कविता उजेडातून, माणसांच्या जवळून अंधाऱ्या, एकट्या जागेकडे नेते असं म्हणता येतं. उदास म्हणणाऱ्याच्या हाती आता खरंच काहीतरी आलं.

इथे थांबू नका. त्याला पुढचा प्रश्न विचारा: तुझ्या म्हणण्याच्या आड येणारा शब्द कवितेत कोणता? माझ्या मते संपूर्ण अध्यापनातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे आणि प्रश्नपत्रिकेत तो कधी येत नाही. आपल्या बाजूचा शब्द कुणीही शोधतो. विरुद्ध बाजूचा शोधायला कविता पुन्हा वाचावी लागते. इथे तो शब्द आहे 'गोड'. काळिमा आहे, पण गोड. शिवाय औदुंबर पाण्यात पाय सोडून बसलाय. घाटावर दमलेला माणूस असाच बसतो. ज्याच्या उत्तरात काळा डोहही आहे आणि 'गोड'चाही विचार आहे, त्याचं उत्तर बळकट. मग तो शांत म्हणो की उदास.

'ज्याला जशी भावेल तशी' हे अर्धं खरं आहे. भावते वेगवेगळी, पण भावते ती याच आठ ओळींतून.

प्रतिसाद ४

'असला'बद्दल थोडं. आज आपण 'असला कसला माणूस' म्हणतो, त्यामुळे मुलांना शेवटच्या ओळीत नाखुशी ऐकू येते. माझ्या वाचनात इथे 'असला' म्हणजे 'अशा प्रकारचा', आणि तो शब्द आधीच्या सात ओळी गोळा करतो: अशा झऱ्याकाठचा, अशा डोहातला, असा हा औदुंबर. काही जण 'बसला असला' असं जोडून वाचतात, बसला असावा अशा अर्थी. दोन्ही वाचनं वर्गात येऊ द्या आणि प्रत्येकाला 'कशावरून' विचारा.

अवतरणाच्या लांबीबद्दल: पूर्ण ओळ हवीच असं नाही. 'प्रतीक' या शब्दाचा वर उल्लेख झालाय तो त्यासाठीच महत्त्वाचा. 'गोड काळिमा' हे दोन शब्द अवतरणचिन्हांत आपल्या वाक्यात बसवता आले तर मुलाने ते वाचलेत हे दिसतं. चार ओळी उतरवल्या तर फक्त पुस्तक जवळ होतं हे दिसतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. सोमवारच्या तासाला 'औदुंबर' घेते. फळ्यावर सातवी ओळ दोनदा लिहायचं ठरवलंय: एकदा मूळ, आणि एकदा 'झांकळुनी जळ गडद काळिमा पसरी लाटांवर'.

प्रतिसाद ३ (निवृत्त शिक्षक)

उत्तम. 'गोड' तीन मात्रा, 'गडद'ही तीनच, त्यामुळे चाल बिघडणार नाही आणि मुलांचं लक्ष अर्थावरच राहील. कोणती ओळ मूळची हे आधी सांगू नका. दोन्ही मोठ्याने म्हणवून घ्या आणि शेवटच्या ओळीतल्या औदुंबराशी कोणती जुळते ते एकेका वाक्यात लिहायला सांगा. वाक्यात 'यावरून' हवंच, एवढी एकच अट.