एसीच्या जाळ्यांतून कुबट वास, डॅशबोर्ड न खोलता कॉइल धुता येते का?

नमस्कार मंडळी,

मी यावलचा. गाडी सात वर्षं जुनी आहे. एसी लावला की पहिली दोन-तीन मिनिटं ओल्या गोणपाटासारखा वास येतो. मी एकटा असतो तर चालवून घेतलं असतं. पण आप्पांना दमा आहे, दर पंधरा दिवसांनी जळगावला दवाखान्यात न्यावं लागतं. तापीचा पूल येईपर्यंत त्यांना खोकल्याची उबळ सुरू होते. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, काचा उघड्या कशा ठेवणार?

गॅरेजवाल्यानं जाळ्यांत सुगंधी फवारा मारून दिला. चार दिवसांत वास परत.

मग मीच ग्लोव्हबॉक्स काढून केबिन फिल्टर बाहेर ओढला. मी जिनिंगमध्ये कामाला, हंगामभर गाडी तिथल्याच आवारात उभी. फिल्टरवर रुईचा राखाडी थर, अगदी गोधडीसारखा, आणि त्यात कडुनिंबाची वाळकी काडी. नवा फिल्टर टाकला, जाळ्या ब्रशनं नि ओल्या फडक्यानं पुसल्या. हवा जोरात येते, वास मात्र तसाच. म्हणजे आतली कॉइलच बुरसटली असणार. डाव्या सीटपुढचं मॅटही ओलसर लागतं.

एक जण म्हणतो ब्लीच मारा. कॉइल अ‍ॅल्युमिनियमची, आणि तो वास आप्पांच्या छातीत जाणार, म्हणून माझा हात धजत नाही. फेसाचा क्लीनर कुठून सोडायचा? कोणी घरी केलंय का?

प्रतिसाद:
भाऊ, ब्लीच नकोच. मॅट ओलं म्हणजे एसीचं पाणी काढणारी नळी तुंबलीय, आधी ती मोकळी करा. मग इंजिन थंड, एसी बंद आणि फिल्टर काढलेला असताना त्याच नळीतून फेस वर सोडा. ब्लोअरच्या मोटरवर जाऊ देऊ नका. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, फेस खाली गळून जाईल. नंतर काचा उघड्या टाकून हीटर आणि ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालवा, फिल्टर शेवटी बसवा. त्या दिवशी आप्पांना गाडीत बसवू नका. आणि रोज घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर ठेवा, कॉइल कोरडी होते.

धागाकर्ता:
दादा, नळीत मऊ वायर हळूच फिरवली. रुईचा बोळा निघाला आणि मागोमाग तांब्याभर काळं पाणी. फेस रविवारी मारतो, आप्पांची जळगावची फेरी बुधवारी आहे. कळवतो.