गुडघ्यातलं इंजेक्शन आणि साखर

गुडघेदुखीवर स्टेरॉइडचं, म्हणजे सूज उतरवणाऱ्या औषधाचं, 'एक इंजेक्शन घेतलं की वर्षभर निवांत' असं काही जण सांगतात, ते काही पटलं नाही. स्टेरॉइडचा आराम काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने टिकतो. सूज उतरते, झीज तशीच राहते. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात दर १२ आठवड्यांनी २ वर्षं स्टेरॉइड दिलेल्यांची कूर्चा (सांध्यातल्या हाडांवरची गादी) नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा जास्त झिजली, आणि दुखण्यात फरक काहीच नाही!

मधुमेहाबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. निपाणीच्या आमच्या मधुमेही मावशीचा जन्म विड्या वळण्यात गेला, तोही मांडी घालून, मग गुडघे काय राहणार. बेळगावात डॉक्टरांनी आधी सुईनं पिवळसर पाणी ओढून काढलं, मग सांध्यात स्टेरॉइड टोचलं. संध्याकाळी बाई जिना चढली, पण दुसऱ्या दिवशी साखर तीनशेपार. स्टेरॉइडनं काही दिवस असं होतं, हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मधुमेह असेल तर ग्लुकोमीटर (घरी साखर मोजायचं यंत्र) जवळ ठेवा, मधुमेहाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आधीच विचारा. आणि मिरजेला सांधा बदलायची तारीख घेतली असेल तर सर्जनला न विचारता इंजेक्शन नको. ऑपरेशनच्या आधीच्या तीन महिन्यांत घेतलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.