सलुकतचं गमेलान: परंपरा म्हणायचं की नाही?

मध्यलय
गेले दोन आठवडे कानात एकच वृंद आहे, बालीतला गमेलान सलुकत. उबुदजवळच्या पेंगोसेकान गावच्या देवा आलित यांनी 2007 साली तो उभा केला. गमेलान म्हणजे काशाच्या पट्ट्यांची वाद्यं, पालथ्या भांड्यांसारख्या घंटा, ढोल आणि मोठे गाँग यांचा ताफा. आलितनी तयार ताफा घेतलाच नाही. पाच सुरांची स्लेंद्रो आणि सात सुरांची पेलोग या दोन सुरावटी एकत्र आणून अकरा सुरांची वाद्यं नव्यानं घडवून घेतली. पहिल्यांदा ऐकताना वाटलं, फोनच बिघडला. लय मध्येच घसरते, अडखळते, चारजण चार दिशांना पळतात आणि पुढच्या क्षणी सगळे एकाच ठोक्यावर हजर.

लोक याला 'फ्यूजन' म्हणतात ते मला पटत नाही. यात ना गिटार, ना सिंथेसायझर. कोतेकान अगदी शाबूत आहे: एकजण 'पोलोस' वाजवतो, दुसरा त्याच्या फटींमध्ये 'सांगसिह' भरतो आणि दोघांची मिळून एक धून होते. नवी आहे ती रचना. आणि बालीत 'जुनं' म्हणून पर्यटकांसमोर जे गाँग कब्यार या प्रकारचं गमेलान वाजतं, ते 1915 च्या आसपास उत्तर बालीत बुलेलेंगकडे सुरू झालं. आपली गंधर्व नाटक मंडळी त्याच्याहून दोनेक वर्षांनी थोरली!

खर्जातला
कब्यारची गोष्ट अर्धीच सांगितलीत. डच फौजांनी 1906 आणि 1908 मध्ये दक्षिण बालीतली राजघराणी मोडली. दरबारी ताफे पोसायला कुणी उरलं नाही. ते गावांकडे गेले आणि कब्यारची लाट आली तशी कित्येक गावांनी जुने ताफे वितळवून त्याच काशाचे नवे ओतून घेतले. त्यात समर पगुलिंगानसुद्धा गेले. (हा 'समर' म्हणजे आपलाच 'स्मर', कामदेव. राजाच्या शयनगृहाजवळ वाजणारं नाजूक गमेलान.) आता हे लक्षात घ्या की एका ताफ्याचे सूर दुसऱ्या ताफ्याशी जुळत नाहीत. काळी चार, पांढरी दोन असलं काही तिथे नाही. ताफा वितळला की त्याचा सूरही कायमचा गेला. त्यामुळे 'तेव्हाही बदललंच होतं की' हे वाक्य मी तुमच्याइतक्या आनंदानं म्हणू शकत नाही.

आणि तरीही कब्यार गावाचं होतं. बंजारचं, म्हणजे वाडीचं, मंडळ ते वाजवायचं. देवळाच्या वार्षिक उत्सवाला तेच आणि शेजारच्या गावाशी ईर्ष्येनं भिडायलाही तेच. सलुकत हे एका संगीतकाराच्या डोक्यातलं संगीत आहे. थोर असेल, मी नाही म्हणत नाही. पण मग त्याला आलितचं संगीत म्हणा.

चहाबिस्किट
आकाशवाणीनं 1940 ते 1971 पेटीला दारात उभं केलं नव्हतं, श्रुती लागत नाहीत म्हणून. तेव्हाही हेच भांडण. पेटी आहे, श्रुती आहेत, भांडणारेही आहेत.

खर्जातला
पेटी करायला कुणी बीन वितळवली नव्हती.

सातासमुद्रापलीकडची
अमेरिकेत शिकत असताना कॉलेजच्या बाली गमेलानमध्ये दोन सत्रं वाजवलंय, म्हणून बोलते. पहिल्या दिवशी शेजारच्या मुलाची गांगसा (काशाच्या पट्ट्यांचं वाद्य) मला बेसूर वाटली आणि मी शहाणपणानं तसं बोलूनही दाखवलं. सर हसले. जोडीतलं एक वाद्य मुद्दाम किंचित चढं लावतात, दुसरं किंचित उतरं. दोन्ही एकदम वाजली की सूर थरथरतो. त्या थरथरीला 'ओम्बाक' म्हणतात, म्हणजे लाट. आपण तानपुरा जुळवताना जी थरथर घालवायला धडपडतो, ती तिथे मोजूनमापून ठेवतात. वाद्याला ओलांडायचं नाही, चपला बाहेर, कागद नाही. सर वाजवणार, आम्ही हातांकडे बघून उचलणार. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून. सलुकतमध्ये मला हेच ऐकू येतं. पाठांतर इतकं पक्कं झाल्याशिवाय लय अशी मोडून परत जोडता येत नाही.

आणि खर्जातला, गावाच्या परंपरेचं एवढे गोडवे गाताय, पण त्या मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषच बसत होते. बायकांची मंडळं दिसू लागली ती 1980 च्या दशकात. तीही 'परंपरा मोडून'च ना?

अजून एक. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी गेली, तिच्यात आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे आणि जावातल्या योग्याकार्ताच्या पाकुआलामान दरबारातलं गमेलानही आहे. दोन्ही सुंदर. पण बाहेरच्यांना आपल्याकडून नेहमी दरबारच हवा असतो. बालीच्या पोरानं आज काय रचलं, हे कोण मागतं?

खर्जातला
बायकांचा मुद्दा मान्य. तिथे मी गप्प. पण तो माझ्याच बाजूनं जातो बघा: त्या बायका गावातच बसल्या, तीच वाद्यं, तेच देऊळ. बदल आत झाला. आणि 'कोण मागतं' म्हणाल तर परदेशी सभागृहं आणि तबकड्या काढणाऱ्या कंपन्या नवंच मागतात हल्ली. पेंगोसेकानच्या देवळात अकरा सुरांचा ताफा कुणी मागितला होता का, एवढंच सांगा.

मध्यलय
देवळानं कब्यार तरी कुठे मागितलं होतं? पोरांना हवं होतं म्हणून आलं. ती पोरं म्हातारी झाली, तोवर देवाला त्याची सवय झाली होती.

चहाबिस्किट
हे लिहून ठेवतो.

नवखा_कान
मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कुठून करू?

खर्जातला
आधी तासभर समर पगुलिंगान ऐका, अंधारात, हेडफोन लावून. सलुकत त्यानंतर. उलट्या क्रमानं ऐकलंत तर मध्यलय तुम्हाला पळवून नेतील.